निळ्याच्या ४१ छटा आणि कागदाचा एक तुकडा : गूगलला स्वतःचा चेहरा कसा सापडला

१/२४
संगणकावर मजकूर एका जागेवरून उचलून दुसरीकडे डकवायचा असेल, तर कोणी विचार करत बसत नाही. बोटे आपोआप त्या ठरावीक कळांवर जातात. आज्ञावली पत्रलेखनाची असो, हिशेबाची असो की चित्रांची, कृती तीच राहते. ही सवय उपजत नाही. एका कंपनीची निरनिराळी उत्पादने सारखी दिसावीत आणि सारखी वागावीत की नाही, या प्रश्नावर चाळीसहून अधिक वर्षे चाललेल्या वादातून ती घडली आहे. हा त्या वादाचा इतिहास. त्याचा आरंभ झेरॉक्स आणि ॲपलपाशी होतो, पण मुख्य पात्र गूगल आहे. #थ्रेड

२/२४
आधी एकवाक्यता नव्हती, तेव्हा काय होते ते पाहू. १९८० च्या दशकातील डॉसच्या जगात प्रत्येक आज्ञावली म्हणजे एक स्वतंत्र संस्थान होते. वर्डपरफेक्टमध्ये मदत हवी असेल तर एफ-३ आणि बाहेर पडायचे असेल तर एफ-७. लोटस १-२-३ मध्ये तिरकी रेघ दाबली की मेनू उघडे. कळांचे अर्थ लक्षात राहत नसत, म्हणून कळफलकावर बसवायच्या छापील पट्ट्या वापरल्या जात. एका आज्ञावलीत मुरलेला कारकून दुसरीपुढे बसला की पुन्हा नवशिका ठरे. मिळवलेले कौशल्य संगणकाचे नसे, त्या एका आज्ञावलीचे असे.

३/२४
या अवस्थेला पहिले सुसंघटित उत्तर झेरॉक्सने दिले. एप्रिल १९८१ मध्ये जाहीर झालेल्या ‘स्टार’ या संगणकाच्या कळफलकावर हलवणे, नक्कल करणे, पुसणे, गुणधर्म दाखवणे अशा मोजक्या क्रियांसाठी स्वतंत्र कळा होत्या. निवडलेली वस्तू शब्द असो, आकृती असो वा अख्खी फाइल, कळ तीच. आज्ञा थोड्या आणि त्या सर्वत्र लागू, हे त्यामागचे सूत्र. वापरणाऱ्याने एकदा शिकावे आणि ते शिकणे प्रत्येक कामात उपयोगी पडावे, हा विचार येथे प्रथमच विक्रीच्या यंत्रात उतरला.

४/२४
स्टार बाजारात चालला नाही. एका यंत्राची किंमत १६,५९५ डॉलर होती आणि त्याचा पुरेपूर उपयोग व्हायचा तर कार्यालयात अशी अनेक यंत्रे जोडून घ्यावी लागत. कल्पना मात्र माणसांबरोबर प्रवास करते. झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात टिम मॉट यांच्यासह ‘कापा आणि डकवा’ ही पद्धत रुजवणारे लॅरी टेस्लर १९८० मध्ये ॲपलमध्ये गेले. एकाच कळीचा अर्थ संदर्भानुसार बदलू नये, हा त्यांचा आयुष्यभराचा आग्रह होता. तो आग्रह आता एका नव्या कंपनीच्या पायाशी जाऊन बसला.

५/२४
२४ जानेवारी १९८४ रोजी मॅकिंटॉश बाजारात आला. त्याच्या ६४ किलोबाइटच्या कायमस्वरूपी स्मृतीत मेनू, खिडक्या, बटणे, सरकपट्ट्या रेखाटण्याची आज्ञावली आधीच कोरलेली होती. बाहेरच्या आज्ञावलीकाराला मेनू हवा असेल तर त्याने तो नव्याने रेखाटण्याऐवजी यंत्राकडून मागून घ्यायचा. परिणामी कोणाचीही आज्ञावली असली, तरी तिचा मेनू मॅकिंटॉशच्याच मेनूसारखा दिसे. जे सारखे ते सोपे आणि जे वेगळे ते कष्टाचे, अशी ही रचना होती. माणसाच्या आळसालाच तिने शिस्तीच्या कामाला लावले.

६/२४
जोडीला लिखित नियमही होते. ब्रूस टॉग्नाझिनी यांनी ॲपलमध्ये अशा मार्गदर्शक नियमांची परंपरा सुरू केली आणि १९८७ मध्ये ते नियम स्वतंत्र पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. पहिल्या मॅकिंटॉशच्या कळफलकावर बाणांच्या कळाच नव्हत्या. जुन्या सवयीचे आज्ञावलीकार त्या कळांचा आधार घेतील आणि माउस बाजूला पडेल, ही त्यामागची धास्ती. येथे एक फरक ध्यानात ठेवण्यासारखा आहे : नियम पुस्तकात असतो तोवर तो सल्ला असतो. तोच यंत्रात उतरला की कायदा होतो.

७/२४
पुस्तकाच्या मार्गाने जाणारी मोठी कंपनी म्हणजे आयबीएम. खोलीभर पसरणाऱ्या महासंगणकापासून टेबलावरच्या संगणकापर्यंत तिची यंत्रे एकमेकांना परकी होती. मार्च १९८७ मध्ये तिने सर्व यंत्रांसाठी एक सामाईक आराखडा जाहीर केला. वापरकर्त्यासमोर काय दिसावे आणि कोणत्या कळेने काय घडावे, याची संहिता हा त्याचाच भाग होता. एफ-१ म्हणजे मदत आणि ऑल्ट-एफ-४ म्हणजे खिडकी बंद, हे संकेत आजही विंडोजमध्ये जिवंत आहेत. ते या संहितेचे अवशेष.

८/२४
संहितेतील सगळेच टिकले नाही. कापणे, नक्कल करणे आणि डकवणे यांसाठी आयबीएमने शिफ्ट, कंट्रोल, इन्सर्ट आणि डिलीट यांच्या जोड्या सुचवल्या होत्या. मॅकिंटॉशने मात्र एक्स, सी, व्ही ही कळफलकाच्या तळओळीतील शेजारशेजारची अक्षरे निवडली होती. शेवटी विंडोजनेही तीच अक्षरे उचलली. आयबीएमची यंत्रे आणि तिचे विभाग इतके भिन्न होते की एका ग्रंथाने ते बांधले जाणे कठीण होते. शिस्त केवळ लिहून येत नाही, हा या प्रकरणाचा धडा. पंचवीस वर्षांनी एका वेगळ्याच कंपनीला तो पुन्हा शिकावा लागला.

९/२४
मधल्या काळात वेब अवतरले आणि ही सारी घडी विस्कटली. संकेतस्थळाचे पान हे कोऱ्या भिंतीसारखे. तेथे मॅकिंटॉशप्रमाणे तयार मेनू देणारे कोणी नव्हते. प्रत्येकाने आपापले बटण घडवावे आणि आपापला रंग लावावा. याच जगात १९९८ मध्ये गूगलचा जन्म झाला. पहिले मुखपृष्ठ सर्गेई ब्रिन यांनी स्वतः केले. पांढरे पान, एक चौकट, दोन बटणे. पानांच्या भाषेत ते फारसे पारंगत नव्हते, म्हणून ते पान इतके साधे राहिले. उणिवेतून आलेला हा साधेपणा पुढे कंपनीची ओळख ठरला.

१०/२४
ती ओळख मुखपृष्ठापुरतीच राहिली. जीमेल २००४ मध्ये आले, नकाशे २००५ मध्ये, कॅलेंडर २००६ मध्ये. कित्येक उत्पादने तर बाहेरून आलेली होती : नकाशांचे मूळ सिडनीच्या एका छोट्या कंपनीत, दस्तऐवजांचे ‘रायटली’त, ब्लॉगरचे ‘पायरा लॅब्स’मध्ये. यूट्यूब आणि अँड्रॉइडही विकत घेतलेलेच. प्रत्येक चमू आपला प्रमुख, आपली घाई आणि आपली रंगपेटी घेऊन आला. वरचे बोधचिन्ह झाकले असते, तर ही सारी एकाच कंपनीची पाने आहेत हे ओळखणे कठीण झाले असते.

११/२४
याच विसंगतीतून ती प्रसिद्ध गोष्ट जन्मली. जीमेलमधील जाहिरातींच्या दुव्यांचा निळा रंग आणि शोधपानावरील जाहिरातींच्या दुव्यांचा निळा रंग किंचित वेगळे असल्याचे कंपनीच्या लक्षात आले. खरा कोणता? अन्यत्र हा निर्णय एखाद्या कलादिग्दर्शकाने क्षणात दिला असता. गूगलने प्रयोग मांडला. वापरकर्त्यांचे लहान लहान गट पाडले, प्रत्येक गटाला निळ्याची वेगळी छटा दाखवली आणि कोणत्या छटेवर अधिक लोक बोट ठेवतात ते मोजले. छटांची संख्या होती ४१.

१२/२४
किंचित जांभळ्याकडे झुकणारी छटा सरस ठरली. त्या एका निवडीने वर्षाला सुमारे २० कोटी डॉलरचे जादा जाहिरात-उत्पन्न मिळाल्याचे कंपनीच्या ब्रिटनमधील एका वरिष्ठ अधिकाऱ्याने २०१४ मध्ये सांगितले. आकडा डोळे दिपवणारा आहे, पण त्याच्या झगमगाटात मूळ प्रश्न हरवतो. प्रश्न होता : दोन उत्पादनांचा रंग एक कसा करावा? उत्तर मिळाले : कोणता रंग अधिक कमावतो? सुसंगतीचा प्रश्न उत्पन्नाच्या तराजूवर सुटला आणि तोच तराजू पुढे प्रत्येक गोष्टीसाठी वापरला जाऊ लागला.

१३/२४
मार्च २००९ मध्ये डग्लस बोमन यांनी गूगल सोडले. ते २००६ पासून तेथील दृश्य-आरेखनाचे प्रमुख होते. जाताना त्यांनी जाहीरपणे लिहिले की एखादी कडा तीन, चार की पाच पिक्सेल जाड असावी, हेही तेथे आकडेवारीने सिद्ध करून दाखवावे लागे. अशा लहानसहान निर्णयांवरच्या वादांना ते थकले होते. अभियंत्यांची बाजूही पोकळ नव्हती. ज्या कंपनीने जगाची माहिती मोजून लावली, तिने रंगच तेवढा कोणाच्या अभिरुचीवर का सोडावा?

१४/२४
हा वाद कलावंत विरुद्ध यंत्रज्ञ असा रंगवला जातो. तो उथळ आहे. मोजमापाची खरी मर्यादा वेगळी आहे. प्रयोग एका पानावर, काही दिवसांपुरता होतो. सुसंगतीचा लाभ मात्र कोणत्याही एका पानावर नसतो. तो जीमेल शिकलेल्या माणसाला कॅलेंडर उघडताना होतो, वर्षभराने दस्तऐवज उघडताना होतो. शंभर उत्पादनांत थोडा थोडा वाटला गेल्यामुळे तो एकाही प्रयोगात ठळकपणे दिसत नाही. प्रत्येक चमू आपापल्या पानावर योग्यच निर्णय घेतो आणि सगळ्यांची बेरीज मात्र गोंधळाची होते.

१५/२४
अशी बेरीज खालून दुरुस्त होत नाही. कोणीतरी वरून आज्ञा द्यावी लागते. ४ एप्रिल २०११ रोजी लॅरी पेज पुन्हा मुख्य कार्यकारी अधिकारी झाले आणि लगेचच सर्व प्रमुख उत्पादनांचे रूप एकाच वेळी, एकत्र बदलण्याचे काम सुरू झाले. प्रकल्पाला नाव मिळाले ‘केनेडी’. चंद्रावर माणूस पाठवण्याचा संकल्प सोडणाऱ्या राष्ट्राध्यक्षांचे. मुदतही तशीच धाडसी होती. वर्षे घेण्याजोगे काम काही महिन्यांत दाखवायचे होते.

१६/२४
जून २०११ च्या अखेरीस पहिले रूप दिसले. सर्व पानांच्या माथ्यावर एकच काळी पट्टी, भोवती मोकळी पांढरी जागा, मोजक्या ठिकाणी ठळक रंगाची बटणे. नोव्हेंबरमध्ये जीमेल पूर्ण बदलले. कुरकूरही झाली. मोकळी जागा वाढली, म्हणजे एका नजरेत मावणारी पत्रे कमी झाली. दिवसाला शेकडो पत्रे उपसणाऱ्या माणसाला सौंदर्यापेक्षा घनता प्रिय असते. म्हणून ऐसपैस, आटोपशीर आणि दाट अशा तीन मांडण्यांची सोय द्यावी लागली. एकरूपतेची किंमत कोणी ना कोणी मोजतोच. येथे ती सर्वांत अनुभवी वापरकर्त्याने मोजली.

१७/२४
तरीही घर दुभंगलेलेच होते. फोनवरचे गूगल वेगळ्याच वाटेने चालले होते. चिलीत जन्मलेले मातियास दुआर्ते हे पाम कंपनीच्या वेबओएसचे काम करून २०१० मध्ये अँड्रॉइडकडे आले. ऑक्टोबर २०११ च्या अँड्रॉइड ४.० सोबत गडद, निळसर कडांची ‘होलो’ शैली आली आणि ख्रिश्चन रॉबर्टसन यांनी घडवलेला ‘रोबोटो’ हा टंक आला. संगणकावर पांढरे-लाल गूगल आणि फोनवर काळे-निळे गूगल. माणूस तोच, खाते तेच, पत्रेही तीच. चेहरे मात्र दोन.

१८/२४
२५ जून २०१४ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या वार्षिक परिषदेत दुआर्ते यांनी ‘मटेरियल डिझाइन’ मांडले. ते आतापर्यंतच्या प्रयत्नांहून मुळात वेगळे होते. रंग आणि बटणांची यादी देण्याऐवजी त्याने एक प्रश्न विचारला : पडद्यामागे खरोखर एखादा पदार्थ असेल, तर तो कसा वागेल? उत्तर होते कागद. आरेखकांनी खरे कागद कापले, एकावर एक ठेवले आणि त्यांच्या सावल्या अभ्यासल्या. अंतर्गत कामासाठी त्याचे नावही ‘क्वांटम पेपर’ असे होते.

१९/२४
या काल्पनिक कागदाला पदार्थविज्ञान दिले गेले. प्रत्येक पत्र्याची जाडी एक डीपी, म्हणजे पडद्यावरील मापाचे एक एकक. पत्रा जितका उंच, तितकी त्याची सावली मोठी आणि मऊ. दोन पत्रे एकमेकांच्या आरपार जाऊ शकत नाहीत, पण एक पत्रा दुभंगू शकतो आणि पुन्हा सांधला जाऊ शकतो. सर्व अंतरे आठच्या पटीत. याचा लाभ असा : नियमपुस्तकात नसलेला प्रसंग उभा राहिला, तरी आरेखक स्वतःला विचारू शकतो की कागद येथे काय करील. यादी संपते, तत्त्व संपत नाही.

२०/२४
आणि ॲपलचा १९८४ चा धडाही गिरवला गेला. गूगलने नियम खुले केलेच, त्याबरोबर तयार घटकांची आज्ञावलीही आज्ञावलीकारांना वापरायला दिली. सारखे ते पुन्हा सोपे झाले, इतके की इतरांची ॲपही गूगलसारखी दिसू लागली. कोपऱ्यातले तरंगते गोल बटण बँकेच्या ॲपमध्येही आणि खाद्यपदार्थांच्या ॲपमध्येही. स्वतःचा चेहरा शोधताना गूगलने तो सर्वांना वाटून टाकला. २०१८ मध्ये तिलाच नवी मुभा द्यावी लागली : पाया तोच ठेवा, पण रंग, आकार आणि टंक आपापले निवडा.

२१/२४
ऑक्टोबर २०२० मध्ये विरुद्ध टोक दिसले. कार्यालयीन उत्पादनांच्या संचाला ‘वर्कस्पेस’ हे नाव मिळाले आणि जीमेल, कॅलेंडर, ड्राइव्ह, मीट यांची बोधचिन्हे निळ्या, लाल, पिवळ्या, हिरव्या अशा त्याच चार रंगांत नव्याने घडली. जीमेलचे लाल कडांचे पाकीट गेले. कुटुंब एकत्र दिसू लागले खरे, पण टीका अशी झाली की आता कोण कोणता हेच ओळखू येत नाही. बोधचिन्हाचे काम दुहेरी असते : मी या घरातला आहे हे सांगणे, आणि मी माझा भाऊ नाही हेही सांगणे.

२२/२४
या दोन कामांत कायमची ओढाताण आहे. सर्व काही वेगळे असेल तर शिकणे संपत नाही, सर्व काही सारखे असेल तर शोधणे संपत नाही. कृतीत सारखेपणा हवा आणि ओळखीत वेगळेपणा, हे चाळीस वर्षांच्या अनुभवाचे सार. स्टारच्या कळा हे पहिल्याचे उदाहरण आहे, वर्कस्पेसची बोधचिन्हे हे दुसऱ्याच्या विस्मरणाचे. २०२१ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १२ ने तर वापरकर्त्याच्या भित्तिचित्रातूनच रंग उचलायला सुरुवात केली. ज्या कंपनीने एकेकाळी सर्वांसाठी एकच निळा शोधला, तिने आता रंगाचा निर्णय प्रत्येकाच्या हाती दिला.

२३/२४
या इतिहासाचा मराठीशीही संबंध आहे. गूगलने ‘नोटो’ हा टंकसमूह जगातील शेकडो भाषांसाठी घडवून घेतला. अक्षराऐवजी कोरी चौकट दिसू नये, हा हेतू त्याच्या नावातच आहे. पण देवनागरी एक असली तरी वाचक एक नाहीत. मराठीचा पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ हिंदीतील रूढ वळणांहून वेगळे आहेत आणि महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये मराठीसाठी हीच वळणे प्रमाण मानली. अनेक आधुनिक टंकांत दोन्ही रूपे असतात, पण पानाची भाषा मराठी असल्याचे संगणकाला सांगितले, तरच मराठी वळण उमटते. न सांगितल्यास वाचकाला दुसऱ्या भाषेचे वळण मिळते आणि बहुधा ते लक्षातही येत नाही.

२४/२४
म्हणून ‘सर्व उत्पादने सारखी दिसावीत’ हे विधान दिसते तितके निरुपद्रवी नाही. सारखी म्हणजे कोणासारखी, हे ठरवणारा वापरणाऱ्याच्या सवयी ठरवतो. चांगली एकवाक्यता माणसाचे शिकलेले जपते. पट्ट्या लावलेल्या कळफलकासमोर बसलेल्या त्या कारकुनाला नेमके तेच हवे होते. वाईट एकवाक्यता त्याच्या ओळखीच्या खुणा पुसते. झेरॉक्सच्या कळा, मॅकिंटॉशचे मेनू, ४१ निळे आणि कापलेले कागद या सगळ्यांतून एकच कसोटी हाती लागते : काल जे शिकलो, ते आज उपयोगी पडले का? उत्तर होय असेल, तर आरेखन यशस्वी. बोटांना ते डोळ्यांच्या आधी कळते.